स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी घरातील औषधव्यवस्था

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीने ‘गोळी घेतली’ असे सांगितले, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. ती व्यक्ती खोटे बोलत नसते. नुकतीच घडलेली गोष्ट तिच्या स्मरणात राहिलेली नसते. परिणामी औषध चुकते किंवा तेच औषध दुसऱ्यांदा घेतले जाते. मधुमेहाच्या औषधाबाबत ही दुसरी चूक जिवावर बेतू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे.

औषधांची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे असावी. सुनेने दिलेली गोळी मुलगा कार्यालयात जाताना पुन्हा देतो, हे एकत्र कुटुंबात सहज घडू शकते. वारांनुसार कप्पे असलेली डबी उपयुक्त असली, तरी विकार वाढल्यावर ती कुलपातच ठेवावी. गोळी गिळल्याची खात्री करून त्याच क्षणी वहीत नोंद करावी. दिली की नाही, अशी शंका आल्यास पुन्हा न देता डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे औषधविक्रेते स्ट्रिप कापून देतात. त्यात नाव किंवा मुदतीची तारीख कापली जाते. शिवाय एकच औषध निरनिराळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात; दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे दिले की जुने आणि नवे दोन्ही सुरू राहण्याचा धोका असतो. म्हणून यादीत मूळ औषधाचे नाव लिहावे. आयुर्वेदिक चूर्णे व काढेही त्यात असावेत.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. मेंदूतील ॲसिटिलकोलिन या द्रव्याचे कार्य ते रोखते. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल हे औषध नेमके तेच द्रव्य टिकवून धरण्यासाठी दिले जाते. साध्या वाटणाऱ्या या गोळीने रुग्णाचा गोंधळ वाढू शकतो, लघवी अडू शकते. रिव्हास्टिग्मिनचा त्वचेवर लावायचा पॅच २४ तासांनी बदलतात. जुना काढल्याखेरीज नवा लावू नये. अनेक पॅच एकाच वेळी अंगावर राहिल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

रुग्णाने गोळी नाकारल्यास सक्ती करू नये. थोड्या वेळाने, शांतपणे पुन्हा द्यावी. गोळी कुटून वरणभातात कालवण्यापूर्वी मात्र डॉक्टरांची अनुमती आवश्यक आहे: ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे असलेल्या गोळ्या कुटल्यास दिवसभराचे औषध एकदम शरीरात उतरते.