शतावरी, भाजीची

भाजीची शतावरी, शास्त्रीय परिभाषेत ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस, ही मूळची यूरोप व पश्चिम आशियातील बहुवर्षायू वनस्पती असून, सह्याद्रीच्या रानांत काट्यांच्या आधाराने झुडपांवर चढणाऱ्या औषधी शतावरीची ती सगोत्र होय. मात्र औषधी शतावरीची थोरवी तिच्या झुपक्याने वाढणाऱ्या मांसल मुळांत, तर हिची वसंतात जमीन भेदून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांत आहे. रोमन ग्रंथकार केटो याने इ. स. पू. दुसऱ्या शतकातील आपल्या कृषिग्रंथात हिच्या लागवडीचा तपशीलवार विधी नमूद केला आहे.

परसबागेत एकदा धरलेला वाफा १५ ते २० वर्षे उत्पन्न देतो. सबब जागा नेमतानाच ऊन, पाण्याचा निचरा आणि चिवट तणांचे समूळ उच्चाटन यांची तजवीज करावी लागते. सुमारे २० सेंमी. खोल चर खणून, तळाशी कुजलेले शेणखत घालून मधोमध मातीचा लहानसा वरंबा करतात आणि वर्षाचे गड्डे सुमारे ४५ सेंमी. अंतराने त्यावर बसवून मुळे दोन्ही अंगांस पसरून देतात. चर मात्र एकदम न बुजवता कोंब वाढतील तसतसा भरत नेतात.

पहिली दोन वर्षे एकही कोंब तोडू नये, तिसऱ्या वर्षी थोड्या दिवसांपुरती काढणी करावी आणि पुढे दरसाल सहा ते आठ आठवड्यांची मुदत पाळावी, हा नियम कितीही जाचक वाटला तरी तो वनस्पतीच्या जीवनक्रमातूनच उपजलेला आहे. कारण न कापलेल्या कोंबांची जी उंच, विरळ हिरवी झाडे होतात, त्यांच्या बारीक पर्णकांडांत तयार झालेले अन्न मुळांत साठून पुढील वसंताची बेगमी होते, आणि लोभाने काढणी लांबविल्यास पुढल्या वर्षीचे कोंब काडीसारखे बारीक निघतात.

कोंब १५ ते २० सेंमी. उंच झाला व शेंड्यावरील खवले अद्याप घट्ट मिटलेले असले, म्हणजे बुडाशी असलेली माती बोटांनी अलगद सारून, शेजारचे अंकुर दुखावणार नाहीत अशा बेताने, जमिनीखाली दोन-तीन सेंमी.वर सुरी तिरपी चालवावी. उबदार हवेत वाफ्यावर रोज फेरी हवी. तोडल्यानंतर कोंबातील शर्करा वेगाने घटते, म्हणून तोडलेला कोंब तासाभरात चुलीवर चढविता येणे हेच घरच्या लागवडीचे खरे सुख होय.

जर्मनीत वाफ्यांवर मातीचे उंच वरंबे चढवून, प्रकाशाअभावी पांढरे राहिलेले कोंब काढतात आणि २४ जूनला, संत जॉनच्या सणादिवशी, काढणी थांबविण्याचा तेथे प्रघात आहे. नर व मादी झाडे भिन्न असतात. तांबडी फळे धरणाऱ्या मादी झाडांची शक्ती बीजोत्पादनात खर्ची पडत असल्याने नर झाडांचे उत्पन्न अधिक असते. शरदात झाडे पूर्ण पिवळी पडेपर्यंत त्यांस हात लावू नये. नंतर ती जमिनीलगत कापून वाफ्यावर शेणखताचा थर द्यावा.