तळटीप : टेड विल्यम्सची ०.४०६ सरासरी

* बेसबॉलमधली ही सरासरी क्रिकेटसारखी धावांची नव्हे. अधिकृत संधींपैकी किती वेळा फलंदाज स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोचला, त्याचं हे प्रमाण. बोस्टन रेड सॉक्सच्या विल्यम्सने १९४१च्या हंगामात ४५६ संधींत असे १८५ फटके मारले. चार वाईट चेंडू सोडून मिळणारा ‘वॉक’ संधींत धरत नाहीत. दहांपैकी तीनदा यश मिळवणाराही इथे उत्तम फलंदाज गणला जातो, इतकं हे काम अवघड. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी विल्यम्सची सरासरी ०.३९९५५ होती, तो बाहेर बसला असता तरी ती ०.४०० धरली गेली असती. पण तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला आणि आठ संधींत सहा फटके मारले. हे धैर्य मला आकड्याहून मोठं वाटतं. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर पूर्ण हंगामात ०.४०० कुणीही गाठलेलं नाही. — संपादक