मोहाची भट्टी आणि सलाबाईची आज्ञा

सुरत म्हटले की इंग्रजांची वखार, मोगलांचे बंदर आणि शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु या जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानपट्ट्यात इतिहासाचे आणखी एक प्रकरण घडले. त्याचे साहित्य अगदी साधे होते : दोन मडकी आणि एक वेळूची नळी.

चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळत. चौधरी, गामीत, धोडिया इत्यादी आदिवासी ती वेचून वाळवीत, टंचाईच्या दिवसांत खात आणि काही पाण्यात घालून आंबवीत. या आंबण्यात फुलांतील साखरेचा मद्यार्क होतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. बुडबुडे थांबले की मडके चुलीवर चढे. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून आधी निघणाऱ्या वाफेत मद्यार्काचा अंश अधिक असतो. सांधे ओल्या मातीने लिंपलेले असल्याने वाफेला दुसरी वाट उरत नसे. ती आपल्याच दाबाने नळीतून गार ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात जाई आणि तेथे दारू होऊन साठे. यंत्र नाही, पंप नाही, पदरचा पैसाही नाही. देवकार्य, लग्न व मर्तिक यांत या दारूला मान असे.

या घरगुती साधनावर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घाला घातला. गावोगावच्या भट्ट्या बंद करावयाच्या, दारू सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीत गाळावयाची आणि परवानेदाराच्या दुकानातूनच विकावयाची, असा नवा क्रम सुरू झाला. ताडीच्या झाडांवरील कराचा बोजाही वाढला. पिण्याची सवय कायम राहिली. मात्र जी वस्तू रानातून फुकट मिळे, तिच्यासाठी रोख पैसा किंवा उधारी लागू लागली. सुरत भागात हे दुकानदार बहुतांशी पारशी होते. उधारीच्या वहीत नाव चढले की व्याज चढे, आणि व्याजापायी कित्येकांच्या जमिनी गेल्या.

अशा स्थितीत १९२२ साली एक विलक्षण लाट आली. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत प्रकटलेली देवी नाशिककडील डोंगर, बागलाण व डांग ओलांडून त्या वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोहोचली. तिला सलाबाई असेही म्हणत. मांडवात अंगात येणाऱ्यांच्या तोंडून तिच्या आज्ञा बाहेर पडत : दारू व ताडी सोडा, मांस वर्ज्य करा, नित्य स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे कामास जाऊ नका. हजारो लोकांनी त्या पाळल्या. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. तरीही त्यांचे नाव या आज्ञांत मिसळून गेले. काँग्रेसचे कार्यकर्ते त्यानंतर तेथे पोहोचले. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत तपशीलवार मांडली आहे.

पुढे पुष्कळांनी व्रत सोडले. व्रत पाळणारे ‘वरजेला’ आणि सोडणारे ‘सरजेला’ असे तट पडले. तरीही या घटनेचे महत्त्व कमी होत नाही. कायद्याने भट्टी हिरावून घेतली, पण व्यसन सोडविले नाही. उलट व्यसनाला सावकाराची जोड दिली. व्रताने दारू आणि कर्ज या दोन्ही बेड्यांवर एकदमच घाव घातला, आणि तो घालण्याचा निर्णय ज्यांच्या पायांत त्या बेड्या होत्या, त्यांनीच घेतला. दारूबंदीचा विचार करताना सुरतेच्या या रानपट्ट्याची आठवण ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.