सामार बेटावरील हुकूम आणि त्याचा न्याय

परमुलखांत गेलेल्या सैन्यानें तेथील रयतेवर जुलूम केला, तर त्याचा जाब कोणीं विचारावयाचा? जिंकलेल्या लोकांची न्यायसभा तेथें चालत नाहीं. चालते ती जिंकणारांचीच. अशा न्यायसभेपुढें १९०२ सालीं आलेल्या दोन खटल्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९८ च्या तहानें अमेरिकेनें स्पेनकडून फिलिपाईन बेटें दोन कोटि डॉलर देऊन घेतलीं. बेटांतील रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं; पुढल्याच वर्षीं ते लढण्यास उभे राहिले. २८ सप्टेंबर १९०१ रोजीं सामार बेटावरील बालांगिगा गांवीं चर्चची घंटा वाजली, आणि न्याहारीस बसलेल्या अमेरिकन तुकडीवर गांवकऱ्यांनीं कोयत्यांनीं हल्ला केला. चाळीसांहून अधिक शिपाई ठार झाले. कृत्य भयंकर होतें, यांत संशय नाहीं.

त्यानंतर ब्रिगेडियर जनरल जेकब स्मिथ यानें मेजर वॉलर यास तोंडी हुकूम दिला: कैदी नकोत, मारा आणि जाळा, शस्त्र धरूं शकेल तो प्रत्येकजण शत्रु समजा. वॉलरनें वयाची मर्यादा विचारली. दहा वर्षें, असें उत्तर मिळालें. दहा वर्षांचें पोर म्हणजे आमच्या मराठी चौथीच्या वर्गांतलें! वॉलरनें, त्याच्याशीं न्यायानें वागावयाचें तर, आपण बायकामुलांशीं लढत नाहीं असें हाताखालच्या अधिकाऱ्यास बजावलें होतें.

परंतु कटाच्या संशयावरून त्याच वॉलरनें आपल्या मोहिमेंतील अकरा फिलिपिनो हमालांस चौकशीवांचून गोळ्या घालविल्या. मनिला येथें त्याच्यावर खुनाचा खटला झाला. स्मिथचें नांव त्यानें प्रथम घेतलें नाहीं. पण सरकारपक्षाच्या बाजूनें साक्षीस येऊन स्मिथनें तसा हुकूम दिल्याचें नाकारलें, तेव्हां वॉलरनें सारें उघड केलें व इतर अधिकाऱ्यांनीं त्यास दुजोरा दिला. अकरा मतें विरुद्ध दोन मतें, असा वॉलर सुटला.

आतां पाळी स्मिथची. येथें आरोपपत्र नीट वाचावें. त्यांत खुनाचें नांव नाहीं. लष्करी सुव्यवस्थेस व शिस्तीस बाधक वर्तन, एवढाच ठपका! सामारच्या माणसांचा अपराध झाला असें कोणासहि म्हणावयाचें नव्हतें. अपराध झाला तो शिस्तीचा. न्यायाधीश, फिर्यादी, आरोपी सारे एकाच सैन्याचे. याहून वेगळें काय व्हावयाचें? स्मिथ दोषी ठरला आणि शिक्षा म्हणून त्यास समज देण्यांत आली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्यास नोकरींतून निवृत्त केलें. तुरुंगाची पायरी त्यास चढावी लागली नाहीं.

सामारमध्यें किती रयत मेली, याविषयीं इतिहासकारांत आजहि एकमत नाहीं. बालांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा शिपायांनीं विजयचिन्ह म्हणून नेल्या होत्या. त्यांपैकीं दोन अमेरिकेंत व एक कोरियांतील अमेरिकन छावणींत राहिली. त्या डिसेंबर २०१८ मध्यें, म्हणजे ११७ वर्षांनीं, गांवास परत मिळाल्या.