उत्क्रांती : शब्द एक, प्रश्न दोन

चार खाणी आणि चौऱ्यांशी लक्ष योनी यांचा उल्लेख कीर्तनात कधी ना कधी येतोच. जलचर 9 लक्ष, स्थावर 20 लक्ष, कृमी 11 लक्ष, पक्षी 10 लक्ष, पशू 30 लक्ष आणि मनुष्य 4 लक्ष ही गणती आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ असते. तीच ऐकत वाढलेले मूल दहावीत गेले की विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ वाचते आणि विचारते, "बुवा, खरे कोणते?" शिरूर-दौंडकडच्या गावांत कीर्तनाला उभे राहताना हा प्रश्न मला पुष्कळदा ऐकू आला. मुलाला दटावून गप्प बसवणे सोपे असते. "हे सगळे आपल्या पुराणांत आधीच लिहिले आहे" असे सांगून टाळी मिळवणे त्याहून सोपे. पण दोन्हींनी प्रश्न सुटत नाही. म्हणून या विचाराचा इतिहास जरा सावकाश पाहू.

आधी शब्दच घ्या. 'उत्क्रांती' हा शब्द नवा नाही. ब्रह्मसूत्रांत तो येतो, पण तिथे त्याचा अर्थ जीवाने देह सोडून निघणे असा आहे. डार्विनचा विचार मराठीत आला तेव्हा हाच शब्द जीवसृष्टीच्या बदलाला लावला गेला. म्हणजे शब्द एक, प्रश्न दोन. हे देह असे कसे घडले, हा एक. आणि देह सुटल्यावर जीव कुठे जातो, हा दुसरा. ही दोन टोके ध्यानात ठेवली तर पुढचा गोंधळ बराच टळतो.

पहिल्या प्रश्नासाठी काळाची जाण लागते, आणि ती द्यायला आपल्याच नद्या पुरेशा आहेत. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पलीकडच्या काठचे निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. मळगंगेच्या यात्रेला जाणाऱ्यांनी ते पाहिलेच असतील. तो काळा खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरत राहिले आणि रांजणाएवढे खड्डे कोरले गेले. एका पावसाळ्यात खडकाचे किती झिजले असेल? डोळ्यांना दिसणारही नाही. तरी रांजण झाला. थोडे थोडे आणि फार काळ, एवढीच त्याची युक्ती.

हीच कुकडी घोडेला मिळते. घोडेच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथल्या नदीकाठच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना हत्ती आणि रानबैल यांची दगड झालेली हाडे मिळाली. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची नक्षी कोरलेली कवचे सापडली; ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. आज आपल्या रानात ना हत्ती, ना शहामृग. प्राणी येतात, बदलतात, नाहीसे होतात, याची साक्ष आपल्याच मातीत पुरलेली आहे.

हा बदल होतो कसा, हे इंग्लंडच्या चार्ल्स डार्विनने 1859 साली ग्रंथ लिहून मांडले. आपला शेतकरी भरदार कणसे बियाण्याला बाजूला काढतो, चांगला खिल्लार वळू राखतो, आणि पिढ्या पुढे गेल्या की वाण बदलतो. डार्विन म्हणाला, निसर्गातही अशी निवड होते. मात्र तिथे निवडणारा शेतकरी नसतो. जे त्या परिस्थितीत टिकते, त्याची संतती वाढते. माणूस आजच्या माकडापासून झाला, असे हे शास्त्र म्हणत नाही. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे. दोघांचा आजा एक, एवढेच त्याचे म्हणणे.

पण पहिला जीव आला कुठून? इथे आपली 'स्वेदज' खाण आठवते. घामातून, ओलाव्यातून किडामुंगी आपोआप उपजते, असे आपल्याकडे मानले गेले. ग्रीसमधला ॲरिस्टॉटलही असेच मानी. इटलीच्या रेडीने 1668 मध्ये दाखवले की मांस झाकून ठेवले तर त्यात अळ्या होत नाहीत; त्या माशीच्या अंड्यांतून येतात. पुढे 1860 च्या सुमारास फ्रान्सच्या लुई पाश्चरने सूक्ष्म जंतूंबाबतही तेच सिद्ध केले. जीव जीवापासूनच होतो. मग प्रश्न अधिकच कठीण झाला. रशियाचा ओपारिन (1924) आणि इंग्लंडचा हाल्डेन (1929) यांनी स्वतंत्रपणे सुचवले की आदिम पृथ्वीवरच्या वायूंतून आणि पाण्यातून जीवनाची द्रव्ये बनली असावीत. 1953 मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ काचेच्या भांड्यात घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात प्रथिनांचे घटक तयार झाले. घटक झाले, जीव झाला नाही. विटा आल्या म्हणून वाडा उभा राहत नाही. वाडा कसा उभा राहिला, याचा शोध अजून चालू आहे. हा हाल्डेन 1957 मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

आता टाळीचा मुद्दा. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन हा क्रम म्हणजेच डार्विनचा सिद्धांत, असे अनेक व्यासपीठांवरून ऐकू येते. हा मेळ किती जुना? ब्लाव्हाट्स्की बाईंनी तो 1877 च्या आपल्या ग्रंथात मांडला, केशवचंद्र सेनांनी 1882 च्या व्याख्यानात. म्हणजे डार्विनचा ग्रंथ आल्यानंतर. शिवाय अवतार म्हणजे उतरणे. भगवंत भक्तासाठी खाली येतो, हे त्याचे मर्म. आपल्या परंपरेने तर विठ्ठलाला बौद्ध अवतार मानले. भक्तासाठी तो विटेवर येऊन थांबला. त्या उभे राहण्यात माशापासून माणसापर्यंतचा जिना शोधला, तर शास्त्रही हाती लागत नाही आणि भावही निसटतो. चौऱ्यांशी लक्ष योनींचेही तेच. तिथे एक जीव देहामागून देह घेत फिरतो. डार्विनकडे पिढ्यांमागून पिढ्यांत देहाचे रूप बदलते. पहिल्यात नरदेहाचे मोल सांगायचे आहे, दुसऱ्यात देहाची घडण.

पुन्हा इनामगावला येऊ. 1968 पासून ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथे उत्खनन केले. इ. स. पू. 1600 ते 700 च्या सुमारास नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत निघाली. त्या लोकांनी आपली मेलेली लेकरे दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवली आणि घराच्या जमिनीखालीच पुरली. ती माणसे काय म्हणत होती, हे सांगणारा एक शब्दही मागे राहिलेला नाही. पण लेकरू लांब रानात न नेता चुलीजवळ, अंथरुणाजवळ ठेवावेसे वाटले, यातले दुःख तीन हजार वर्षांनंतरही कळते.

एकाच नदीचा काठ पाहा. जुन्या गाळात हत्तीची हाडे आहेत, आणि वरच्या वस्तीत मडक्यातले लेकरू आहे. हाडे कशी आली, याचे उत्तर शास्त्राने द्यावे आणि आपण ते आदराने ऐकावे. त्यासाठी पोथीला साक्षीला ओढू नये. लेकरू पुरणाऱ्या आईने मात्र ब्रह्मसूत्रांतली उत्क्रांती विचारली होती. तिच्याशेजारी बसायला टाळ-वीणा लागतात. तिथे डार्विनला बोलवू नये, आणि तो आला नाही म्हणून त्याला दोषही देऊ नये.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी सापडते. झाडे सोयरी आहेत, मुंगीतही तोच आहे, ही संतांची शिकवण अनुभवाची. सर्व सजीव एका मुळाचे भाऊबंद आहेत, हे शास्त्राचे म्हणणे हाडांवरून आणि पेशींवरून आले. वाटा वेगळ्या; एकीने दुसरीची सनद मागायचे कारण नाही. आपल्याला मात्र दोन्हींकडून एकच काम लागते, भूतमात्राशी नम्रपणे वागण्याचे.

यवत-वरवंडच्या मुक्कामी पुढच्या आषाढी वारीत एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला सांगा: पुस्तकातले नीट शीक आणि अभंगही पाठ कर. घोडेचे पाणी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पंढरीला जाते आणि तिथे चंद्रभागा होते. त्या वाळवंटात उभे राहायला कोणताही खरा प्रश्न टाकून यावे लागत नाही.

रामकृष्ण हरी.