पडू नये म्हणून बांधलेली माणसं

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि फार जुनीही नाही. आपल्यातल्या काहींची लग्नं झाली त्याच सुमाराची.

तिकडे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवून घेऊन सांभाळणारी घरं असतात. त्यांना नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं, तसलं नव्हे. १९८० च्या दशकात या घरांतून म्हाताऱ्यांना खुर्चीला नाहीतर खाटेला पट्ट्यानं बांधणं सर्रास चालायचं. का, तर उठतील, पडतील, खुब्याचं हाड मोडेल. बांधणाऱ्या बाया काही दुष्ट नव्हत्या. एकीच्या वाट्याला कितीतरी जण, आणि कुणी पडलं की बोल तिलाच.

१९८७ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला की शिक्षा म्हणून किंवा कामाच्या सोयीसाठी कुणाला बांधायचं नाही. १९९० पासून तो अमलात आला. तेव्हा घरं चालवणारे धास्तावले. सोडलं तर पडणारच ना!

मग १९९२ मध्ये डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सोबत्यांचा अभ्यास छापून आला. कनेक्टिकट राज्यातल्या १२ घरांतले ३९७ जण त्यांनी वर्षभर पाहिले. त्यांतल्या १२२ जणांना त्या काळात बांधलं गेलं होतं. न बांधलेल्या २७५ पैकी १५ जणांना पडून गंभीर इजा झाली, म्हणजे शंभरात ५. आणि बांधलेल्यांत? १२२ पैकी २१. शंभरात १७! बांधलेले आधीच जास्त अशक्त असतील, असं तुम्ही म्हणाल. तो फरक हिशेबात धरूनही बांधल्याचा फायदा काही दिसेना.

विचार केला तर नवल नाही. बसवून ठेवलं की पायांतलं बळ जातं. मग पट्टा सुटला, की पहिल्याच पावलाला तोल जातो. खाटेला कठडा लावला तर त्यावरून चढून उतरणारा आणखी उंचावरून पडतो. गोळ्यांचंही तसंच. १९८७ मध्येच तिकडच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की ज्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही अशा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांत खुब्याचं हाड जास्त मोडतं. म्हातारी गप्प झोपावी म्हणून गोळी द्यायची, आणि पहाटे ती झिंगत उठायची. (गोळी मनानं बंद मात्र करू नका हं, डॉक्टरांना विचारा.)

आपल्या गटातल्या काही ताया वृद्धाश्रमात कामाला जातात, त्यांना पुढचं पटेल. पट्टे सुटले तसा या घरांतला प्रश्नच बदलला. हिला कसं थांबवू, याऐवजी ही उठते कशाला, असं बघायला लागले. कुणाला लघवी लागलेली असे, कुणाचं अंग दुखत असे, कुणी नुसतंच बसून कंटाळलेलं. मग ठरल्या वेळी संडासाला नेणं, दिवसा हात धरून चालवणं सुरू झालं. काही ठिकाणी खाटाच इतक्या बुटक्या केल्या आणि शेजारी गादी अंथरली, की रात्री कुणी घरंगळलंच तर गादीवर.