भिंत कुणाची, चुना कुणाचा

कोलकात्याच्या भिंतींवर सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला माओचे स्टेन्सिलने उठवलेले चेहरे होते आणि ‘चीनचे चेअरमन आमचे चेअरमन’ ही घोषणा होती. त्याच बंगालमध्ये आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सिद्धार्थ शंकर राय यांच्या सरकारने मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा केला. वर्षभरात सरकार गेलं आणि डावी आघाडी आली. भिंत रंगवण्यात या मंडळींचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कायदा कागदावर राहिला आणि भिंती बोलत राहिल्या. निवडणुकीच्या कितीतरी आधी कार्यकर्ते भिंतीला पांढरा हात मारून कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकून ठेवत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार. या निष्प्रभ कायद्यात एक कलम मात्र फार शहाणं होतं. ज्याच्या फायद्यासाठी भिंत खराब झाली, त्यालाही दोषी धरावं. आपल्या नकळत किंवा संमतीवाचून हे घडलं, हे त्याने सिद्ध करावं. भिंत कुणी रंगवली यापेक्षा ती कुणासाठी रंगवली, हा प्रश्न कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच विचारून ठेवला होता. माझं म्हणणं एवढंच, की तो प्रश्न आपल्या नगरपालिकांनी कधी मनावर घेतला नाही, आणि म्हणूनच सफाईचा खर्च करदात्याच्या माथी बसत राहिला.

बंगालचा हा कायदा पुढे दिल्लीला लागू करण्यात आला. २००७ मध्ये दिल्लीने स्वतःचा कायदा केला. त्यात शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि फायदा घेणाऱ्याला धरणारं कलमही कायम. महाराष्ट्रात असा कायदा १९९५ पासून आहे. शिवाय बेकायदा फलकांबद्दल साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पालिकांना खडसावलंही. आपल्याकडच्या फ्लेक्सवर तर संशयिताचा हसरा फोटो, हुद्दा आणि खाली शुभेच्छुकांची अख्खी यादी असते. इतकी सोय करून देणारा गुन्हेगार दुसरीकडे कुठे सापडायचा नाही! पण व्यवहारात पकडला जातो तो रात्री दोन वाजता शिडीवर चढलेला रोजंदारीचा पोरगा. त्याच्याकडून काय वसूल करणार?

वसूल किती करायचं, हा प्रश्नही सरळ नाही. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर शहरात एका अल्पवयीन मुलाने भिंतींवर नऊ ठिकाणी रंगकाम केलं. शहराकडे सफाईच्या खर्चाची सरासरी तयार होती : दर प्रसंगाला ४३१ डॉलर ३२ सेंट. नवाने गुणून ३,८८१ डॉलर ८८ सेंटची भरपाई ठरली. २०१४ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश टिकू दिला नाही. या मुलाच्या रेघा पुसायला किती खर्च आला, याच्याशी त्या सरासरीचा पुरेसा संबंध दाखवलेला नव्हता. निकाल रास्तच आहे. संगमरवरावरचा स्प्रे आणि पत्र्यावरचा खडू यांना एकच दर लावला, तर ती भरपाई उरत नाही, पट्टी होते. पण त्यासाठी पालिकेने कुठली भिंत, किती माणसं, किती डबे रंग, याची नोंद ठेवायला हवी. ती न ठेवता वसुलीच्या गप्पा मारणं म्हणजे पावती न फाडता उधारी मागणं.

दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाची २०२४ची निवडणूक मला म्हणूनच या इतिहासातलं वळण वाटते. लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार तिथे उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५ हजार रुपये, छापील पोस्टरला मनाई आणि हाताने केलेली पोस्टरं ठरलेल्या जागीच. प्रत्यक्षात मेट्रोचे खांब, बसथांबे, कॉलेजांच्या भिंती नावांनी भरून जात. त्यातली एक युक्ती दाद देण्यासारखी होती. पोस्टरवर उमेदवाराचं नाव मुद्दाम चुकीचं छापायचं, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं घालायचं. मतदाराला माणूस बरोबर कळतो आणि चौकशी झालीच, तर ‘हा मी नव्हेच’ म्हणायला जागा राहते. फायदा घेणाऱ्याला धरणाऱ्या कलमाला दिलेलं हे उत्तर होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने पोस्टर कुणी लावलं, हा शोधच बाजूला ठेवला. २७ सप्टेंबरला मतदान होऊ दिलं, पण भिंती स्वच्छ होईपर्यंत मतमोजणी थांबवली. महापालिका आणि मेट्रोचा सफाईखर्च विद्यापीठाने आधी द्यावा आणि मग उमेदवारांकडून वसूल करावा, असंही सांगितलं. मोजणी झाली २५ नोव्हेंबरला. मधल्या काळात, इतकी वर्षं कुणाची ती ठाऊक नसलेली पोस्टरं आपणच काढली, असं उमेदवारच न्यायालयात सांगू लागले. पालिकेच्या नोटिशीला जे जमलं नव्हतं, ते अडकलेल्या निकालाने करून घेतलं. ऋणकोला हवी असलेली वस्तू धनकोच्या हातात असली की वसुली आपोआप होते, हे आपल्या सावकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी मतं दिली आणि त्यांनी भिंतीला बोटही लावलेलं नव्हतं. तरी त्यांचा संघ दोन महिने लटकला. हे मला मान्य आहे. संघाची मुदतच वर्षाची, त्यातले दोन महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. हा उपाय एकदाच करण्याजोगा होता. दुसरा आक्षेप असा, की भिंत हे गरिबाचं वर्तमानपत्र आहे, ते बंद केलं तर बोलायला पैसेवालेच उरतील. कोलकात्याच्या भिंतींबद्दल हे खरं असेल, तिथे विचार तरी लिहिलेला असे. इथे भिंतीवर होतं ते उमेदवाराचं नाव आणि मतपत्रिकेवरचा क्रमांक, तेही पैसे मोजून छापून घेतलेलं. पाच हजारांच्या मर्यादेत एवढे कागद निघत नाहीत, हे कुठलाही छापखानेवाला सांगेल.

तिसरा आक्षेप २०२५ मध्ये पुढे आला. विद्यापीठाने उमेदवारांकडून विद्रूपणाविरुद्ध एक लाख रुपयांचा बाँड मागितला, तेव्हा संघटनांनी गरीब विद्यार्थ्याने उभंच राहायचं नाही का, असं विचारलं. ही रक्कम आधी भरायची नाही, नियम मोडला तरच देणं लागेल, असा खुलासा झाला. तरीही पाच हजारांची मर्यादा आणि लाखाची हमी या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, आणि हमीदार मिळवणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. रक्कम आधी ठरवण्यापेक्षा सफाईचं खरं बिल लावणं जास्त न्याय्य झालं असतं. बाँडची कल्पना मात्र मी टाकून देणार नाही, आणि त्याचं कारण रकमेत नाही. पोस्टरवर नावात हवं तेवढं जादा अक्षर घालता येतं. हमीपत्रावर ते विद्यापीठाच्या दप्तरात असेल तसंच लिहावं लागतं.